पेटीमास्तरांची पुसलेली गाणी

एका गावात एक संगणक दुरुस्त करणारा राहत होता. गोष्ट फार पूर्वीची आहे असं म्हणायला मला आवडलं असतं, पण फार पूर्वी गावात संगणकच नव्हते. तेव्हा थोड्या पूर्वीची आहे असं समजू या.

त्याचं नाव काशिनाथ. नदीच्या वळणावर गाव, गावाच्या मधोमध देवीचं देऊळ, देवळासमोर बाजारपेठ आणि बाजारपेठेच्या टोकाला काशिनाथचं दुकान. दुकानात उघडी पडलेली यंत्रं, वायरींचा गुंता आणि बारीक स्क्रू ठेवायला लोणच्याच्या बरण्यांची झाकणं. शाळेचा संगणक बिघडो की डेअरीचा, लोक तो काशिनाथकडे आणायचे आणि काशिनाथ तो चालू करून द्यायचा.

माणूस हुशार होता. नुसत्या पंख्याच्या घरघरीवरून आत धूळ कुठे बसली आहे ते सांगायचा. मात्र यंत्राचं जेवढं ऐकायचा तेवढं माणसाचं ऐकत नसे. गिऱ्हाईक बोलायला लागलं की याचे हात कामाला लागायचे आणि कान बंद व्हायचे.

बहुतेक दुखण्यांवर त्याच्याकडे एकच औषध होतं. "फॉरमॅट मारून देतो," म्हणायचा. म्हणजे आतलं सगळं पुसून टाकायचं आणि यंत्र नव्यानं उभं करायचं. पुसण्याआधी तो गिऱ्हाइकाला विचारायचा जरूर, "आत काही महत्त्वाचं आहे का?" पण आपण रस्त्यात भेटलेल्या माणसाला "काय, बरं आहे ना?" विचारतो आणि पुढे चालू लागतो, तसा तो प्रश्न होता. उत्तर येईपर्यंत काशिनाथ दुसऱ्या कामाला लागलेला असायचा. पडद्यावर समोर जे दिसेल ते काढून ठेवायचं आणि बाकीचं साफ करायचं, हा त्याचा शिरस्ता. इतकी वर्षं त्यात काही बिघडलं नव्हतं, म्हणून तो शिरस्ता बरोबर आहे असं त्याला वाटत होतं.

याच गावात एक पेटीमास्तर होते. देवीच्या जत्रेत दरवर्षी गावकरी राजाराणीचं संगीत नाटक करत आणि त्यातली सगळी पदं मास्तर बसवत. हे काम सोपं नव्हतं. राजाचं काम किराणा दुकानदार करायचा आणि त्याचं सुराशी वाकडं होतं. राणीचं काम पोस्टमन करायचा आणि मिशी काढावी लागते म्हणून दरवर्षी रुसायचा. अशा मंडळींकडून मास्तर पेटीवर बसून, न चिडता, एकेक ओळ घोटून घ्यायचे. जत्रेच्या दिवशी राजासुद्धा ऐकवेल इतपत गायचा.

मग मास्तरांच्या घशात गाठ झाली. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही."

मास्तर घरी आले, पाणी प्यायले आणि मुलीला म्हणाले, "वैजू, तो संगणक लाव. आवाज आहे तोवर पदं भरून ठेवू."

वैजू ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती गायची छान, पण लोकांसमोर गायला बुजायची. ऑपरेशनची तारीख येईपर्यंत बापलेक रोज संगणकासमोर बसले. मास्तर गायचे, वैजू त्यांच्या मागून म्हणायची, ती चुकली की मास्तर थांबवून समजावायचे. मधेच खोकायचे, मधेच "वैजू, चहा टाक गं" म्हणायचे. ते सगळं पदांबरोबर यंत्रात भरलं गेलं.

ऑपरेशन झालं. मास्तर वाचले आणि त्यांचा आवाज गेला. आता ते हातवाऱ्यांनी बोलायचे, नाहीतर पेटीवर. भूक लागली की पेटीवर एक विशिष्ट ओळ वाजायची आणि वैजू ताट वाढायची. त्यांचा खरा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्या संगणकात. बायका दागिना तांदळाच्या डब्यात तळाशी लपवतात ना, तशी वैजूनं ती पदं कोणाचा हात लागू नये म्हणून पार आत, कोपऱ्यातल्या जागी ठेवली होती. त्यांची आणखी एक प्रत काढायची तेवढी दवाखान्याच्या धावपळीत राहून गेली.

जत्रा जवळ आली. या वर्षी पदं वैजू बसवणार होती, बाबांचा आवाज ऐकवून. नेमका तेव्हाच संगणक अडखळायला लागला. वीज गेली आणि आली की तो चालूच होईना. एकदा तर वैजूनं वैतागून सरळ वायरच उपसली. शेवटी तिनं तो चादरीत गुंडाळला आणि काशिनाथच्या दुकानात आणून ठेवला.

"काशिनाथदादा, फार हळू झालाय हो. बघता का?"

काशिनाथनं झाकण उघडलंसुद्धा. "फॉरमॅट मारून देतो, ताई. आत काही महत्त्वाचं आहे का?"

"आहे तर! बाबांची सगळी पदं त्यातच आहेत. मी ती आत एका बाजूला..."

"हो हो, होऊन जाईल. उद्या या," काशिनाथ म्हणाला. तोवर त्यानं शाळेचा प्रिंटर पुढे ओढला होता.

दुसऱ्या दिवशी वैजू आली. संगणक लख्ख पुसून ठेवलेला होता आणि बटण दाबताच चालू होत होता. तिनं उभ्या उभ्याच कोपऱ्यातली ती जागा उघडली. तिथं काही नव्हतं. तिनं आणखी शोधलं. मग तिनं काशिनाथकडे पाहिलं.

"दादा, पदं कुठं आहेत?"

कालचं तिचं अर्धं वाक्य काशिनाथला आत्ता ऐकू आलं. खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण त्यातून दुसरंच काहीतरी निघून गेलं. अशा वेळी कामाला यावं म्हणून ते वाक्य या धंद्यात सगळ्यांच्या जिभेवर तयारच असतं.

"आतली डिस्क आधीच गेली होती, ताई. येतानाच खराब होती."

वैजूनं संगणकाच्या वायरीकडे पाहिलं. "मी त्या दिवशी वायर उपसली होती. त्यानं झालं का हो?"

आता तरी नाही म्हणायला काय हरकत होती? पण एक खोटं बोललं की दुसरं बोलायला कष्ट पडत नाहीत. काशिनाथ खाली बघत म्हणाला, "होऊ शकतं."

वैजूनं संगणक चादरीत गुंडाळला आणि ती गेली.

शेजारी एक मोबाईलवाला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "बरं केलंस. एकदा 'माझ्या हातून गेलं' म्हणालास ना, की गावात जे जे हरवेल ते तुझ्या माथी. कोणाचा फोटो सापडला नाही, काशिनाथनं पुसला. कोणाची म्हैस सापडली नाही, काशिनाथनं पुसली!"

काशिनाथ हसला, पण दुपारी त्याला जेवण गेलं नाही. कारण मोबाईलवाल्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्याला ठाऊक होती. यंत्रातलं पुसलं म्हणजे लगेच नाहीसं होत नाही. गल्लीतल्या घरांवरच्या पाट्या काढून टाकाव्यात तसं असतं ते. पाट्या गेल्या तरी माणसं घरात असतातच, कोणी नवीन बिऱ्हाड आणून घुसवेपर्यंत. पदं अजून आत असणार होती. मात्र वैजूनं त्या यंत्रात नवं काहीही भरलं, की एकेक पद कायमचं जाणार होतं. आणि हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जत्रेचा माइक दुरुस्त करून द्यायला काशिनाथ देवळात गेला. सभामंडपात नाटकाची तालीम बसली होती, पण ती पुढे सरकत नव्हती. मास्तर पेटी वाजवत होते आणि राजा भलतंच काही गात होता. मास्तरांनी हात वर करून थांबवलं, तोंड उघडलं, आणि आवाज नाही हे आठवून पुन्हा मिटलं.

वैजू खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "माझ्यामुळे झालं. मी वायर ओढली. बाबांचा आवाज माझ्याच हातून गेला."

"असू दे गं, पोरी," राजा म्हणजे किराणा दुकानदार म्हणाला. मनानं चांगला माणूस, फक्त सुराचं वावडं. "झालं ते झालं. संगणक रिकामाच आहे ना आता? मग माझ्या भाच्याच्या लग्नाचं शूटिंग तेवढं भरून ठेव त्यात. माझ्याकडे जागा नाही."

"आणा," वैजू म्हणाली. "आता काय उपयोग आहे त्याचा?"

"थांबा!" काशिनाथ एवढ्या जोरात ओरडला की राणीच्या हातातली सुपारी पडली. "त्यात काही भरू नका. मी... मी अजून एकदा प्रयत्न करून बघतो. कदाचित निघतील."

खरं बोलायची ही जागा होती. त्यानं ती ओलांडली. पण गावाला ते कळलं नाही. लोक उठून त्याच्याभोवती गोळा झाले. कोणी म्हणालं, याला म्हणतात माणुसकी. कोणी म्हणालं, काशिनाथ म्हणजे देवमाणूस. मास्तरांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि छातीशी धरला. काशिनाथला वाटलं, यापेक्षा यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

मोबाईलवाल्याला मात्र फार कौतुक वाटलं. "आता पदं काढून दे आणि मिरव," तो म्हणाला. "तूच पुसलीस हे कोणाच्या बापाला कळणार नाही."

काशिनाथ तो संगणक पुन्हा दुकानात आणून कामाला लागला. इतर सगळी यंत्रं त्यानं बाजूला सारली. पुसलेल्या डिस्कमधून सापडेल ते हळूहळू बाहेर येऊ लागलं, पण कशालाच नाव नव्हतं. सगळे नुसते तुकडे. हे पद कोणतं, कोणत्या तुकड्याला कोणता तुकडा जोडायचा, हे यंत्राला सांगता येईना. ते ऐकूनच ठरवायला हवं होतं.

मग मास्तर रोज दुकानात येऊन बसू लागले, मांडीवर पेटी घेऊन. काशिनाथ तुकडा लावायचा. मास्तर डोळे मिटून ऐकायचे आणि ते पद जिथून सुरू होतं ती ओळ पेटीवर वाजवायचे. काशिनाथ त्याप्रमाणे तुकडे लावून ठेवायचा. वैजू येत नसे. "मी यंत्राला हात लावणार नाही," असं तिनं घरी सांगून टाकलं होतं. ती गाणंही म्हणेनाशी झाली होती.

आयुष्यात पहिल्यांदा काशिनाथ कोणाचं तरी शेवटपर्यंत ऐकत होता. त्याला पर्यायच नव्हता. पदं ऐकायची, खोकला ऐकायचा, "वैजू, चहा टाक गं" ऐकायचं. ते वाक्य पहिल्यांदा लागलं तेव्हा मास्तर हसले आणि मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. काशिनाथही उगाच प्रिंटर झटकायला उठला.

एके दिवशी एक लांबलचक तुकडा लागला. त्यात वैजू गाता गाता चुकत होती आणि चूक लोकांना कळू नये म्हणून पुढची ओळ मोठ्यानं रेटत होती. मग मास्तरांचा आवाज आला, शांत आणि समजावणीचा.

"थांब, वैजू. चुकलीस ना? मग चुकलीस. पुढचा सूर मोठ्यानं लावून मागचा चुकलेला झाकता येत नाही. असं झाकत गेलीस तर लोकांना ऐकू येईल न येईल, पण तुला तुझी चूक ऐकू येणं बंद होईल. मग गाणं संपलं. जिथं चुकलीस तिथं थांब, सूर परत धर आणि पुढे जा. कोणी मारत नाही."

शेजारी बसलेले मास्तर आपलाच आवाज ऐकत मान डोलवत होते. त्यांना ते फक्त वैजूला सांगितलेलं वाटत होतं. काशिनाथनं पडद्यावरून नजर हलवली नाही. सांगावं का आत्ता, असं त्याच्या मनात आलं होतं. पण मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढचा तुकडा लाव म्हणून खूण केली. त्यानं तो लावला.

बरीचशी पदं परत मिळाली. काही अर्धी मिळाली, आणि वादळाच्या प्रवेशातलं एक पद तर मिळालंच नाही. काशिनाथनं यंत्र नव्यानं उभं केलं तेव्हा त्या जागी दुसरंच काही येऊन बसलं होतं. मिळालेल्या पदांच्या त्यानं या वेळी चांगल्या दोन प्रती काढल्या. तालीम पुन्हा सुरू झाली, राजा पुन्हा ऐकवेल इतपत गाऊ लागला. हरवलेल्या पदाची चाल मास्तरांनी पेटीवर वाजवली आणि शब्द पोस्टमनला पाठ निघाले. गावात आनंदीआनंद झाला.

म्हणजे सगळं नीट झालं असं तुम्हाला वाटेल. गावालाही तसंच वाटलं. पण वैजूसाठी काही नीट झालं नव्हतं. वादळाचं पद आलं की ती उठून बाहेर जायची. ते बाबांच्या आवाजात आता कधीच ऐकू येणार नाही, आणि ते माझ्यामुळे, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. काशिनाथनं गाणी परत आणली होती. तिच्या डोक्यावर ठेवलेला दोष मात्र त्यानं परत घेतला नव्हता.

जत्रेचा दिवस उजाडला. ऊन उतरलं तशी माणसं मंडपात येऊन बसली. बायाबापड्या, पिपाण्या वाजवणारी पोरं, शेव-चिवड्याच्या पुड्या. नाटकाआधी सत्कार असायलाच हवा, त्याशिवाय आपल्याकडे नाटक सुरू होत नाही. या वर्षी सत्कार काशिनाथचा होता.

तोंडाला रंग लावलेला आणि डोक्यावर मुकुट घातलेला राजा पुढे आला. त्यानं काशिनाथच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मिशी काढलेल्या राणीनं त्याला गुलाल लावला. "ज्यानं आपल्या मास्तरांचा आवाज परत आणला," राजा गरजला, "त्या काशिनाथनं आता दोन शब्द बोलावेत!" टाळ्या पडल्या. मोबाईलवाल्यानं तर शिटी मारली.

काशिनाथ माइकपुढे उभा राहिला. समोर बायकांच्या घोळक्यात, अगदी कडेला, त्याला वैजू दिसली. तीसुद्धा टाळ्या वाजवत होती. तो गप्पच उभा राहिला, इतका वेळ की मागून कोणीतरी "माइक बंद आहे का?" असं विचारलं.

"माइक चालू आहे," काशिनाथ म्हणाला. "मास्तरांची गाणी मी वाचवली म्हणता. ती आधी मीच पुसली होती."

पिपाण्या वाजवणारी पोरंसुद्धा थांबली.

"ताईनं मला सांगितलं होतं की आत पदं आहेत. मी नीट ऐकलं नाही आणि सगळं पुसून टाकलं. तिनं विचारलं तेव्हा डिस्क आधीच गेली होती असं खोटं बोललो. वायर उपसल्यानं झालं का असं तिनं विचारलं, तर होऊ शकतं म्हणालो. तसं काही झालेलं नव्हतं. तिच्या हातून काहीही गेलेलं नाही. वादळाचं पद गेलं ते माझ्यामुळे. एवढंच सांगायचं होतं."

मंडपात कुजबुज उठली. कुजबुजीचा आवाज वाढला. "उतरवा रे याला!" कोणीतरी ओरडलं. राजाला काय करावं ते सुचेना, त्यानं मुकुट काढला आणि पुन्हा घातला. काशिनाथनं शाल खांद्यावरून काढली, तो रंगमंचावरून उतरला आणि ती त्यानं वैजूपुढे धरली.

"मला शाल नको," वैजू म्हणाली. "रोज सकाळी बाबांच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत होत नव्हती, दादा. आणि तुम्ही रोज त्यांच्याच शेजारी बसत होतात. एकदा तरी सांगायचं होतं!"

"हो," काशिनाथ म्हणाला. "सांगायला हवं होतं."

त्यानं दुसरं काही म्हटलं नाही. मी घाबरलो होतो, माझा धंदा बुडाला असता, असलं बरंच काही त्याच्याकडे सांगण्यासारखं होतं. ते त्यानं सांगितलं नाही. हे मला बरं वाटतं.

तेवढ्यात मास्तर पेटीवरून उठले. सगळे बाजूला झाले. मास्तर काशिनाथजवळ आले आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्या बघण्यात राग होता, नाही असं मी म्हणणार नाही. मग त्यांनी वैजूचा हात धरला, तिला माइकपाशी नेलं आणि काशिनाथला बोट दाखवून खूण केली. माइक वैजूसाठी फार उंच होता. तो खाली कर, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

काशिनाथ धावत गेला. त्यानं दांडीचा स्क्रू सैल केला, माइक वैजूच्या तोंडाच्या उंचीवर आणला आणि नीट आवळला. मास्तर पेटीवर बसले. त्यांनी पहिला सूर धरला.

नांदीचं पद आजवर मास्तर स्वतः गायचे. आज वैजू गाऊ लागली. सुरुवातीला आवाज कापत होता. दुसऱ्या कडव्यात ती चुकली. मंडपात सगळ्यांना ते ऐकू आलं. वैजू थांबली. तिनं घाई केली नाही, आवाज चढवला नाही. पेटीवरच्या सुराकडे कान दिला, तो परत धरला आणि पुढे गेली. त्यानंतर ती अशी गायली की शेव-चिवड्याच्या पुड्या मांडीवर तशाच राहिल्या. ती का थांबली आणि कशी सावरली, हे मंडपात तिघांनाच कळलं. त्यातला एक माइकच्या वायरीपाशी उकिडवा बसून रडत होता.

जत्रा संपली आणि मोबाईलवाल्याचं भाकीत खरं ठरलं. काही लोकांनी आपले संगणक तालुक्याला न्यायला सुरुवात केली. काहींना आपलं जे जे हरवलं होतं ते एकाएकी आठवलं. राजा तर दुकानात येऊन म्हणाला, "भाच्याच्या लग्नाचं शूटिंग दिसत नाही. तूच पुसलं असशील!" काशिनाथ चिडला नाही. त्यानं राजाला बसवलं, सगळं ऐकून घेतलं. मग शोधाशोध झाली आणि शूटिंगचा पेन ड्राइव्ह राजाच्याच सदऱ्याच्या खिशात निघाला. राजा ओशाळला आणि जाताना दुकानासाठी साखर पाठवून देतो म्हणाला. ती त्यानं अजून पाठवलेली नाही.

दिवस तसे कठीण गेले. दुकानात माशा मारायची वेळ आली. मग हळूहळू शाळेचा संगणक परत आला, डेअरीचा आला. डेअरीचा व्यवस्थापक म्हणाला, "तालुक्याचा माणूस चांगला आहे, पण चुकला तर सांगेल की नाही, माहीत नाही. तू सांगतोस हे सगळ्या गावानं ऐकलंय." 

आणि एका सकाळी चादरीत गुंडाळलेला संगणक घेऊन वैजू आली. ती त्या दिवसानंतर काशिनाथशी बोलली नव्हती. तिनं संगणक टेबलावर ठेवला आणि उभी राहिली.

"पुन्हा हळू झालाय," ती म्हणाली.

काशिनाथच्या हातात पेचकस होता. तो त्यानं खाली ठेवला. शाळेचा प्रिंटर बाजूला सरकवला, दुकानातलं एकुलतं एक स्टूल पुढे केलं आणि स्वतः दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

"ताई, आत काही महत्त्वाचं आहे का?"

"आहे," वैजू म्हणाली. "पण सांगायला वेळ लागेल."

"सांगा," काशिनाथ म्हणाला.

वैजू स्टुलावर बसली आणि सांगू लागली. बाजारपेठेत माणसं येत-जात होती, मोबाईलवाला कोणाला तरी कव्हर विकत होता, आणि काशिनाथ तिचं सांगून होईपर्यंत ऐकत बसला होता.

आता या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य: चूक कोणाच्याही हातून होते, पण ती दुसऱ्याच्या माथी ठेवून निघून जाऊ नये. बिघडवलेली वस्तू आपण पुन्हा नीट करून दिली, तरी खरं सांगायचं काम बाकीच राहतं.